वेतन : खर्च की गुंतवणूक?

बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना वेतनाचा आकडा मी नेहमी खर्चाच्या बाजूस पाहिला. तुटपुंज्या पगारामुळे अनुभवी माणूस सोडून गेला, तर होणारे नुकसान मात्र कोणत्याही खातेवहीत आढळले नाही. दिघोरीच्या धानपट्ट्यात ते उघड दिसते. रोवणीच्या दिवसांत मजुरीत हात आखडणाऱ्याच्या बांधीत पऱ्हे ताटकळत राहतात.

जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कामगारांची गैरहजेरी मोठी होती. त्यांनी दंडापेक्षा कामगारहितावर भर दिला. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात-भरपाई सुरू केली. कायद्याची सक्ती नसताना हे घडले.

आपल्या श्रावकाचारातही अतिभारारोपण व अन्नपाननिरोध हे अहिंसाणुव्रताचे अतिचार मानले आहेत. अपुऱ्या वेतनात दोन्ही दोष संभवतात.

अर्थात, कर्ज काढून औदार्य दाखवू नये. मंदीतही पाळता येईल, एवढेच वचन द्यावे. येत्या दिवाळीत वहीपूजन करताना एक पान अधिक जोडावे : यंदा कोण सोडून गेले, आणि का?