रान कुणाचे, सहल कुणाची?

यंदा सहल कुठे न्यायची यावरून आमच्या वर्गात जी जुंपली, ती पाहून एखाद्याला वाटावे, विधानसभेचे अधिवेशनच भरले आहे! बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान शाळेपासून चारदा पाहून झालेले. अलिबाग म्हणजे सहलच नव्हे, असे गिरगावकरांचे ठाम मत. माथेरानला दादरकरांचा विरोध. का, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी एका मित्राने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. कॅनडातले कुठलेसे अरण्य, आरशासारखे तळे, काठाला एक भलीमोठी गाडी. गाडीतच पलंग, शेगडी, न्हाणीघर. पाण्यावर एक निमुळती होडी आणि तीत वल्ही मारणारी दोन माणसे. बाकी दूरवर चिटपाखरू नाही. "आपण असे काही तरी करू या," तो म्हणाला, आणि सगळा वर्ग एका आवाजात 'हो' म्हणाला. मीही म्हणाले. खोटे कशाला बोलू?

गाडीचा बेत दोन दिवसांत बारगळला. आपल्याकडेही अशी फिरती घरे मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणच जाहीर केले आहे. पण एका रात्रीचे भाडे ऐकल्यावर मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणाले, "एवढ्यात माझी दोन सत्रांची फी भरून होईल." शिवाय गाडीत झोपायची सोय चौघांची आणि आम्ही तेवीस.

खरे म्हणजे लालबाग-परळच्या माणसाला फिरत्या घराचे एवढे अप्रूप वाटायला नको. आमच्याकडे गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत एका गावचे पंचवीस-तीस गिरणी कामगार; पहिल्या पाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच जागी आडवे होत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. जेवण खानावळवाल्या बाईकडे. जत्रेला गावी निघाले की स्टोव्हपासून पातेल्यापर्यंत सगळे एस.टी.च्या टपावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ह्याच ट्रंका उचलून हजारो माणसे गावी गेली आणि कितीतरी परतलीच नाहीत. त्याला कुणी कॅम्पिंग म्हटले नाही, एवढेच.

असो. गाडी गेली, पण पाणी आणि होडी राहिली. सर्वानुमते ठरले : साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला जायचे, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी तंबूत राहायचे आणि दुसऱ्या दिवशी होडीने पलीकडे जाऊन वासोटा चढायचा. सूचना फलकावर सहल समितीने झोकदार अक्षरात लिहिले, 'चला, निर्मनुष्य अरण्यात!'

ती ओळ मी घरी आजीला वाचून दाखवली. आजी लसूण सोलत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "निर्मनुष्य म्हंजी?"

"म्हणजे जिथे माणसे राहत नाहीत."

"ऱ्हात न्हाईत व्हय? आमी काय गुरं हुतो?"

आजीचे माहेर त्या पाण्याखाली आहे, हे मला ठाऊक होते. पण आपल्या घरच्या काही गोष्टी आपल्याला ठाऊक असतात म्हणजे फक्त पाठ असतात, तसे ते होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला नीट विचारले.

ती बाराएक वर्षांची होती. धरणाचे काम १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले आणि १९६४ साली पुरे झाले. १९६२ साली पोफळीच्या वीजघरातून वीज निघू लागली. ती मुंबईकडेही आली. शंभराच्या आसपास गावे पाण्याने बाधित झाली. लोकांना कुठे कुठे नेले? सोलापूर-सांगलीकडच्या माळावर, रत्नागिरीत, रायगड-ठाण्याकडे. भाताच्या खाचरात वाढलेल्या माणसाने सोलापूरच्या माळावर काय पेरायचे, हे कागदावर लिहिलेले नसावे. काही माणसे कुठेच गेली नाहीत. पाणी चढले तसतशी तीही डोंगराला वर सरकली. आजीचे वडील त्यांतले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्यांच्या नव्या घराच्या भिंती पुऱ्या वाळल्याही नव्हत्या, असे आजी सांगते. पुढे तिचे लग्न गिरणीतल्या माणसाशी झाले आणि ती लालबागला आली. चाळीत बटण दाबले की दिवा लागे. "आमच्या गावात कंदील हुता," ती म्हणाली. "गाव बुडालं आन् हितं उजेड पडला."

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा. धरण १९६४ चे. ही बारा वर्षे माझ्या डोक्यातून जात नाहीत. मुळशीला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो १९२१ साली, तोही मुंबईला लागणाऱ्या विजेच्याच धरणापायी. म्हणजे प्रश्न कुणाला माहीत नव्हता, असे म्हणायची सोय नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांना हक्काच्या जमिनीसाठी धरणे धरून बसावे लागले, ते २०१८ साली सुद्धा!

कथा इथे संपत नाही. १९८५ साली तिथे कोयना अभयारण्य झाले, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. जी माणसे पाण्यामुळे वर सरकली होती, त्यांतल्या काहींना वाघासाठी पुन्हा उठावे लागले. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात कोयनेचे जंगल आहे. त्याचा मला अभिमान वाटत नाही असे नाही. माणूस हटला म्हणून झाडी दाटली, हेही खरेच. गवे, अस्वले, धनेश पक्षी यांना जागा राहिली, हेही चांगलेच झाले. माझे भांडण जंगलाशी नाही, फलकावरच्या त्या एका शब्दाशी आहे.

आजीच्या बोलीत 'रान' म्हणजे शेत. "रानात गेलाय" म्हणजे कामाला गेलाय, नांगरटीला, भांगलणीला. शहरात आल्यावर आम्ही त्याच शब्दाचा अर्थ जंगल असा करून टाकला. कॅनडाच्या चित्रफितीतले ते निर्मनुष्य तळे पाहताना मला आता शंका येते की तिथेही आधी कुणी तरी राहत असेलच. आमच्या मित्राने सांगितले की ती निमुळती होडी मुळात तिथल्या आदिवासींचीच. मग होडी उरली आणि होडीवाले चित्रात का नाहीत?

हे सगळे मी सहल समितीपुढे बोलले. थोडी शांतता झाली. मग एकाने विचारले, "म्हणजे जायचेच नाही का? सहलीला जाताना सुतक पाळायचे?" प्रश्न रास्त होता. एक मैत्रीण तर म्हणाली, की दोन दिवसांची मजा, त्यात इतिहासाचा पेपर कशाला आणतेस? तिचेही मला पटते. आम्हांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदाच मुंबईबाहेर पाऊल टाकायला मिळते. कुणी सकाळी पेपर टाकतो, कुणी संध्याकाळी शिकवण्या घेते. त्यांनी पाण्यावर मोकळेपणी हसू नये, असे म्हणणारी मी कोण?

जायचे, हे माझे मत. पण कसे जायचे, त्याविषयीही मला मत आहे आणि ते मी सोडणार नाही. ऑनलाइन फुगवायची होडी मागवून स्वतःच वल्हवायचा जो बेत आहे, तो रद्द करावा. एक तर जलाशय अफाट आहे, वारा उठला की आमच्यासारख्या दादर चौपाटीवर गुडघाभर पाण्यात उभे राहणाऱ्यांचे तिथे काही चालायचे नाही. दुसरे असे, की धरणाने रस्ते बुडवले तेव्हापासून होडी ही तिथल्या माणसांची बेस्टची बस झाली. शाळेची पोरे, आजारी माणूस, बाळंतीण, रेशनचे धान्य, सगळे लाँचने. आज पर्यटकांना वासोट्याच्या पायथ्याशी नेणे हाही त्यांच्या पोटाचा उद्योग आहे. मग आपण होडी मुंबईहून का न्यावी? तंबूचेही तेच. वासोट्याच्या बाजूला, अभयारण्यात, रात्री राहायला वनखाते परवानगी देत नाही आणि ते योग्यच आहे. मग अलीकडे बामणोलीत कुणाच्या घरी पैसे देऊन उतरावे, नाचणीची भाकरी खावी. दिवस मावळल्यावर स्पीकर लावायचा नाही, हे सांगायला लागू नये. पण मागच्या वर्षीची सहल आठवून सांगते आहे.

समितीने बरेचसे मान्य केले. फलकावरचा शब्द मात्र अजून तसाच आहे, कारण खडू संपले आहेत.

आता उरली आजी. मला वाटले होते, ती म्हणेल, आमच्या गावावरून होड्या फिरवताय, लाज नाही वाटत? तसे काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारले, "कवा जायाचं हाय?" मी म्हटले, डिसेंबरात. तिने नाक मुरडले. डिसेंबरात पाणी वर असते, काही दिसत नाही. मे महिन्यात उतरते तेव्हा देवळाचे जोते दिसते, एका उन्हाळ्यात तिने ते वरच्या वाडीतून पाहिले होते. मग तिने हिशेब मांडला. तिला पंच्याहत्तर पुरी झाली, एस.टी. फुकट. मला अर्धे तिकीट. परळच्या आगारातून रात्रीची गाडी धरली तर सकाळी सातारा.

म्हणजे आता दोन सहली ठरल्या आहेत. डिसेंबरात वर्गाबरोबर, मे महिन्यात आजीबरोबर. पहिलीच्या संमतिपत्रावर वडिलांची सही अजून व्हायची आहे. रात्रीच्या मुक्कामाचे कळल्यापासून कागद देवघराच्या फळीवर पडून आहे. दुसरीला सही लागत नाही.