पंचहौदाचा चहा आणि बायडेन यांचे कम्युनियन

२०२१ साली अमेरिकेतील कॅथलिक बिशपांमध्ये एक वाद पेटला. राष्ट्राध्यक्ष जो बायडेन नियमाने मिस्साला जाणारे कॅथलिक, आणि गर्भपाताच्या हक्काचे जाहीर समर्थकही. अशा माणसाला कम्युनियन द्यावे काय? त्याच ऑक्टोबरात बायडेन पोप फ्रान्सिस यांना भेटले आणि ‘कम्युनियन घेत राहा’ असे पोप म्हणाल्याचे त्यांनी पत्रकारांना सांगितले. मे २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी नॅन्सी पेलोसी यांना कम्युनियन नाकारले. जूनच्या अखेरीस पेलोसींनी ते थेट व्हॅटिकनमध्ये घेतले.

अशी बातमी आली की आपल्याकडे एक ठरीव शेरा कानी पडतो : ‘आपल्यात पोप नाही, त्यामुळे ही भानगडच नाही.’ हा शेरा करणाऱ्यांनी पुण्याचा १८९० ते १८९२ हा काळ वाचलेला नसतो.

४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशी (होय, डॉ. आनंदीबाईंचे पती) यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापवून आणली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. तक्रार शंकराचार्यांकडे गेली. त्यांनी चौकशीसाठी आयोग नेमला. त्यापुढे साक्षी झाल्या, दोषांची प्रतवारी लागली, प्रायश्चित्ते ठरली. पोप नसताना हे सारे यथासांग पार पडले! आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी मांडले. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांच्या आग्रहाखातर प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला.

आता तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. चहानंतर साडेपाच महिन्यांनी, १९ मार्च १८९१ रोजी, संमतिवयाचा कायदा मंजूर झाला. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे किमान वय दहावरून बारा झाले. रानडे या कायद्याच्या बाजूचे, टिळक कडाडून विरोधात. त्या वर्षातला स्त्रीदेहासंबंधीचा सर्वांत मोठा राजकीय प्रश्न हाच होता. तरीही आयोगापुढे दोघे एकाच रांगेत उभे होते, कारण तेथे तोलला जात होता तो चहा. दहा वर्षांच्या मुलीचे काय व्हावे, याविषयीचे मत नव्हे. या बाबतीत अमेरिकी बिशपांची बाजू अधिक सुसंगत म्हणावी लागेल : कायदेमंडळातील मत हे नैतिक कृत्य आहे, असे ते निदान मानतात.

मात्र दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. पुढाऱ्याचे धर्मातील स्थान हा वाटाघाटीचा विषय असतो. त्याच्यासाठी आयोग बसतो, काशी असते, रोम असते.

ज्या बाईच्या पोटात गर्भ असे, तिच्यासाठी काय होते? एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण विधवेला दिवस गेले तर तिच्यासाठी कोणताही आयोग बसत नसे. घराणे वाळीत पडेल या धास्तीने गर्भ पाडला जाई, नाही तर जन्मलेले मूल मारले जाई. म्हणजे ज्या बहिष्काराला धर्मरक्षण म्हटले जाई, तोच भ्रूणहत्येचे कारण होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते यासाठीच. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. त्या प्रकरणाच्या संतापातून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. चहा पिणाऱ्यांना प्रायश्चित्ताची वाट होती. विजयालक्ष्मीपुढे होते ते न्यायालय.

कॅथलिक धर्मसंहितेतही हाच उतार दिसतो. गर्भपात घडवून आणणाऱ्या व्यक्तीवर बहिष्काराचा दंड आपोआप लागू होतो. बिशपांच्या परिषदेत मतदान व्हावे लागत नाही. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा करण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला, हे खरे, आणि ते लहान पाऊल नव्हते. तरीही गर्भपाताच्या बाजूने मत देणाऱ्या पुढाऱ्याच्या कम्युनियनवर वर्षानुवर्षे खल चालतो, आणि त्या कायद्याचा आधार घेणाऱ्या बाईचा निकाल मात्र आधीच लागलेला असतो.

रानडे-टिळकांपुढे प्रायश्चित्ताखेरीज मार्गच नव्हता, असा बचाव नेहमी केला जातो. मुंजीला, श्राद्धाला भटजी न मिळणे ही त्या काळी खरीखुरी अडचण होती. पण या बचावाला पुणे जिल्ह्यातच उत्तर आहे. राजुरी ज्या जुन्नर तालुक्यात येते, त्याच तालुक्यातल्या ओतुरात चहाच्या कितीतरी आधी सत्यशोधकांनी भटजीवाचून लग्ने लावली. ग्रामजोशांनी हक्काच्या दक्षिणेसाठी न्यायालय गाठले. शेतकरी मात्र मागे हटले नाहीत, आणि १८८७ मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिकाच छापून हाती दिली. कॅथलिक माणसाला ही वाट इतकी सोपी नाही, कारण धर्मगुरूवाचून मिस्सा होत नाही. न्यायमूर्तींच्या आणि ‘केसरी’कारांच्या आवाक्यात ती नक्कीच होती. ओतूरच्या कुणब्याला जे परवडले, ते त्यांना परवडले नाही.