प्रवचन आणि रोजकीर्द

ईश्वरविज्ञान हे विद्यालयाच्या ग्रंथालयात शिकावयाचे आणि सेवाकार्य हे मंडळीच्या कारभारात उरकावयाचे, अशी जी वाटणी आपल्या ख्रिस्ती संस्थांतून नकळत रूढ झाली आहे, ती शास्त्राला आणि सेवेला सारखीच घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि त्याच्या समर्थनार्थ दूरचे दाखले धुंडाळण्याचे कारण नाही, कारण पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे.

1883 साली इंग्लंडातील वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना रमाबाईंना लंडनमधील फुलम येथील आश्रम पाहण्यास पाठवण्यात आले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची तेथे जी ममतेने शुश्रूषा चालली होती, ती पाहून त्या विस्मित झाल्या, आणि अशा स्त्रियांसाठी कोणी आयुष्य का वेचावे, असे त्यांनी विचारले. तेव्हा उत्तरादाखल एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, म्हणजे विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने केलेले संभाषण, त्यांना वाचून दाखवले. आचरण अगोदर दिसले, वचन मागाहून ऐकू आले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे केडगावात तोच अध्याय, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांच्या निवासाच्या, म्हणजे कृपा सदनाच्या, रूपाने उभा राहिला. मार्ककृत शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयाचे नाव अंध स्त्रियांच्या निवासाला मिळाले. ख्रिस्ताने बार्तीमयाला बरे करण्यापूर्वी, तुझ्यासाठी मी काय करावे, असे विचारले होते. दीनांच्या गरजा परस्पर ठरवून मोकळ्या होणाऱ्या आपल्या समित्यांनी हा प्रश्न आपल्या दप्तराच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या. ज्या बाईने कोवळ्या वयात दुष्काळाच्या वणवणीत आईबापांना अंतरण्याचे दुःख सोसले होते, तिला दैवी न्यायाच्या मीमांसेत गढून जाण्याचा अधिकार खचित होता. परंतु तिने विहिरी खणवल्या, शेती लावली, धान्याची तजवीज केली आणि मुलींच्या हाती विद्या व हुन्नर दिले.

सेवेने शास्त्राला काय दिले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. आश्रमातील अल्पशिक्षित स्त्रियांना पवित्र शास्त्र स्वतः वाचून उमजावे, या तळमळीने संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, आपले पांडित्य बाजूस ठेवून, सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. त्याचे खिळे आश्रमातल्याच छापखान्यात तेथल्याच स्त्रियांनी जुळवले. रमाबाई 1922 साली निवर्तल्या आणि 1924 साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांच्यावरील आक्षेपही मी क्षुल्लक मानत नाही. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या हमीवर चाललेल्या, रमाबाईंनीच काढलेल्या शारदा सदन या विधवाश्रमातील काही विधवा ख्रिस्ती धर्माकडे झुकू लागल्या, तेव्हा 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाशी असलेला संबंध तोडला. अन्न आणि छप्पर ज्याच्या हाती, त्याच्या श्रद्धेचे दडपण आश्रिताच्या मनावर पडल्यावाचून राहत नाही, हे सत्य प्रत्येक सेवकाने ओळखले पाहिजे. यावर पुरेसे मार्गदर्शन शास्त्रातच आहे: दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, उपकार मानावयास एकच परतला, तथापि उरलेल्या नवांचे आरोग्य ख्रिस्ताने काढून घेतल्याचे लूककृत शुभवर्तमान कोठेही सांगत नाही. सेवेला अट जोडणारा कारभार म्हणूनच, त्याचा हेतू कितीही धार्मिक असो, ख्रिस्ती म्हणवून घेण्यास पात्र नाही.

आज धर्मशिक्षणाचा उमेदवार कृपेच्या सिद्धान्तावर उत्तम प्रबंध लिहितो, आणि पाळक झाल्यावर दारुड्या नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई त्याच्या दारी आली म्हणजे तिला कोठे निजवावे, हे त्याला सुचत नाही. त्याच्या मंडळीच्या जमाखर्चात इमारतीच्या रंगरंगोटीची तरतूद असते, पण त्या बाईची नसते. म्हणून धर्मशिक्षण संस्थांच्या विश्वस्तांना माझी आग्रहाची विनंती आहे की, दीक्षेपूर्वी प्रत्येक उमेदवाराला निदान एक वर्ष एखाद्या इस्पितळात, वृद्धाश्रमात किंवा निराधारांच्या वसतिगृहात कामाला ठेवावे, आणि त्याच्या प्रबंधाला मंजुरी देण्याअगोदर तेथील अधीक्षकांचा अभिप्राय मागवावा.