घरबसल्या परीक्षा : अमेरिकेंतील बेसबॉलचे आठ प्रश्न

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. कन्येकडे अमेरिकेंत सहा महिने राहून त्या नुकत्याच परत आल्या आहेत. त्या लिहितात कीं, तेथील नातू मराठी समजतो, रामरक्षाहि म्हणतो. परंतु त्याची खरी विद्या म्हणजे बेसबॉल. जेवतांना तो आजीस विचारी, अमक्या सालीं अमक्यानें किती होमरन मारले? आणि आजी निरुत्तर होई. 'आम्हां आजीआजोबांकरितां या विषयाची एक प्रश्नपत्रिका काढा,' अशी त्यांची मागणी आहे. ती आम्हांस रास्त वाटली. आजवर या सदरांत आम्हीं व्याकरण, भूगोल आणि पंचांग यांवर वाचकांची परीक्षा घेतली. आतां थोडें समुद्रापलीकडे जाऊं.

अमेरिकेंतील रसिकांस या खेळाच्या आंकड्यांचें जें वेड आहे, तें आपल्याकडील क्रिकेटच्या वेडाचें सख्खें भावंड होय. आणि हें नातें केवळ अलंकारिक नव्हे. बेसबॉलच्या सामन्याचा कोष्टकरूप गोषवारा वृत्तपत्रांत रुजविणारा हेन्री चॅडविक हा १८२४ सालीं इंग्लंडांत जन्मला, लहानपणीं अमेरिकेस गेला आणि प्रथम क्रिकेटच्याच सामन्यांचीं वर्णनें लिहीत असे. क्रिकेटची हिशेबी वृत्ति त्यानें या नव्या खेळास दिली. तेव्हांपासून प्रत्येक चेंडूचा जमाखर्च तेथें इतक्या काटेकोरपणें ठेवला जातो कीं, आपल्याकडील सावकाराच्या चोपड्याहि त्यापुढें फिक्या पडाव्या.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं चार ओळी पुरेत. नऊ जणांचे दोन संघ असतात. एक जण चेंडू फेकतो, त्यास पिचर म्हणतात. प्रतिपक्षाचा फलंदाज गोल लांकडी दांडूनें तो टोलवितो. फलंदाजाच्या मागें कॅचर बसतो; तो आपल्या यष्टिरक्षकाच्या जागीं समजावा. फटका मारून फलंदाज सुखरूप पहिल्या ठाण्यावर पोहोंचला कीं त्याच्या नांवें एक हिट. एकाच फटक्यांत चारहि ठाणीं पुरीं केलीं कीं होमरन. तीन गडी बाद झाले कीं डाव संपतो, व प्रत्येक संघास असे नऊ डाव मिळतात. हिटांच्या संख्येस खेळ्यांच्या संख्येनें भागलें कीं फलंदाजाची सरासरी निघते. ०.३०० म्हणजे हजारांत तीनशें. एवढी ज्याची सरासरी, तो उत्तम फलंदाज.

गुणांचा नियम प्रथम सांगतों. प्रत्येक प्रश्नास दोन गुण. त्यांपैकीं नुसत्या उत्तरास अर्धा आणि कारणास दीड. रात्रीं जेवणें आटोपल्यावर एकानें प्रश्न वाचावे व घरांतील सर्वांनीं, काकांपासून कनिष्ठ भाच्यापर्यंत, आपापलीं उत्तरें कागदावर लिहावीं. तोंवर खालील उत्तरांवर हात ठेवावा.

प्रश्न १. सर्वांत अधिक सामने जिंकणारा पिचर साय यंग. त्याचे विजय ५११. मग सर्वांत अधिक सामने हरणारा पिचर कोण?

प्रश्न २. हँक आरन याच्या ३,७७१ हिटांपैकीं ७५५ होमरन होते. ते सर्व वजा केले, तर ३,००० हिटांच्या मानाच्या पंक्तींत त्याला पाट मिळेल काय?

प्रश्न ३. १९४१ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशीं सकाळीं टेड विल्यम्सच्या ४४८ खेळ्यांत १७९ हिट होते. न खेळतां बसून राहिला असता, तर त्याची सरासरी पुस्तकांत किती लिहिली गेली असती? आणि त्यानें काय केलें?

प्रश्न ४. एकाच दिवशीं दोन निरनिराळ्या शहरांत, दोन निरनिराळ्या संघांकडून हिट मारणारा खेळाडू कोण?

प्रश्न ५. एकाच सामन्यांत दोन्ही संघांकडून खेळणें शक्य आहे काय?

प्रश्न ६. लागोपाठ ३६ फलंदाज बाद करूनहि जो सामना हरला, असा पिचर कोण?

प्रश्न ७. १९३० सालचा कोणता विक्रम १९९९ सालीं एकानें वाढला?

प्रश्न ८. संपूर्ण कारकीर्दींत सर्वांत मोठी सरासरी कोणाची?

आतां उत्तरें.

पहिल्याचें उत्तर पुन्हा साय यंग हेंच. त्याचे पराभवहि ३०० हून अधिक आहेत आणि त्यांतहि तोच पहिला. १८९० पासून १९११ पर्यंत बावीस हंगाम तो खेळला. ज्यानें सर्वांत अधिक सामन्यांत आरंभापासून चेंडू फेकला, त्यानें सर्वांत अधिक जिंकावें आणि सर्वांत अधिक हरावें, यांत विसंगति नाहीं. १९५६ पासून उत्तम पिचरास दरवर्षीं दिलें जाणारें पारितोषिक याच पुरुषाच्या नांवाचें आहे. परीक्षेंत एकदां नापास होऊन शाळा सोडूं पाहणाऱ्या मुलांस हा प्रश्न अवश्य विचारावा.

दुसऱ्यास केवळ वजाबाकी हवी. बाकी ३,०१६ राहते, पाट मिळतो. होमरनवाला म्हणून ज्याची ख्याति, तो होमरन वगळूनहि थोरच ठरतो. कीर्ति मनुष्याच्या एकाच गुणाभोंवतीं जमते व बाकीचे गुण झांकते, याचें हें अंकगणिती उदाहरण होय.

तिसऱ्यांत भागाकार आहे. १७९ भागिलें ४४८ म्हणजे ०.३९९५५, तीन स्थळांपर्यंत पूर्ण केल्यास ०.४०० होतात. म्हणजे स्वस्थ बसला असता तरी विल्यम्सच्या नांवें चारशें लागलेच असते, आणि संघाच्या व्यवस्थापकानें तशी मुभाहि दिली होती. परंतु पूर्णांकाच्या कृपेनें मिळालेला मान त्यास नको होता. २८ सप्टेंबर १९४१ रोजीं फिलाडेल्फियास एकामागून एक दोन सामने झाले. दोहोंत तो खेळला आणि आठ खेळ्यांत सहा हिट मारून ०.४०६ वर थांबला. नॅशनल व अमेरिकन या दोन जुन्या लीगांत त्यानंतर आजतागायत कोणीहि चारशें गांठले नाहींत. 'दोन जुन्या लीगांत' हे शब्द आम्हीं मुद्दाम घातले आहेत. त्यांचें कारण आठव्या उत्तरांत येईल.

चौथ्याचें उत्तर जोएल यंगब्लड. ४ ऑगस्ट १९८२ रोजीं दुपारीं शिकागोंत न्यूयॉर्क मेट्सकडून त्यानें हिट मारला. सामना चालू असतांनाच त्यास कळलें कीं, आपणांस माँट्रिऑलच्या संघास देण्यांत आलें आहे. तो विमानानें फिलाडेल्फियास गेला आणि त्याच रात्रीं नव्या संघाकडून खेळून दुसरा हिट मारला. दुपारचा पिचर फर्ग्युसन जेन्किन्स आणि रात्रीचा स्टीव्ह कार्लटन. दोघेहि पुढें कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरांत जाऊन बसले.

पांचवा प्रश्न ऐकून पुष्कळ जण 'अशक्य' म्हणतील. २०२४ पर्यंत तें उत्तर बरोबर होतें. त्या वर्षीं २६ जून रोजीं बोस्टनमध्यें टोराँटोचा डॅनी जॅन्सन फलंदाजीस उभा असतां पावसानें सामना तहकूब झाला. पुढें तो बोस्टनच्या संघांत गेला. २६ ऑगस्टला तोच सामना, तोच डाव, तीच अपुरी खेळी पुढें चालू झाली. टोराँटोनें त्याच्या जागीं दुसरा फलंदाज पाठविला, आणि त्याच्या मागें बोस्टनचा कॅचर म्हणून बसला होता स्वतः जॅन्सन! स्वतःच्या अर्धवट खेळीची समाप्ति त्यानें शत्रुपक्षाकडून पाहिली. संन्यास घेतलेल्या गृहस्थानें स्वतःच्याच घरीं भिक्षेस यावें, तसा हा प्रकार.

सहाव्याचें उत्तर हार्वे हॅडिक्स. २६ मे १९५९ रोजीं मिल्वॉकी येथें पिट्सबर्गच्या या पिचरनें बारा डाव एकाहि प्रतिस्पर्ध्यास ठाण्यावर पाय ठेवूं दिला नाहीं. परंतु त्याच्या संघासहि धांव काढतां आली नव्हती. तेराव्या डावांत सहकाऱ्याच्या हातून चूक झाली, मागोमाग एक जोराचा फटका बसला आणि सामना १-० नें गेला. येथवर दुर्दैव. पुढें १९९१ सालीं व्याख्या बदलली. अखेरपर्यंत एकहि हिट दिला नसेल तरच तो सामना 'हिटविरहित' म्हणावा, असें ठरलें आणि हॅडिक्सचें नांव त्या यादींतून वगळलें गेलें. त्या रात्रीं त्यानें जें केलें, त्यांत तिळमात्र फरक पडला नाहीं. बदलला तो कोशांतील शब्दार्थ.

सातव्याचें उत्तर हॅक विल्सन. ज्याच्या फटक्यामुळें धांव पुरी होते, त्याच्या खात्यावर तेथें ती वेगळी जमा करतात. १९३० सालीं शिकागोच्या विल्सनच्या खात्यावर अशा १९० धांवा होत्या व तो विक्रम सर्वतोमुखीं होता. हौशी संशोधकांनीं जुनीं वृत्तपत्रें आणि नोंदवह्या चाळून दाखविलें कीं, त्याची एक धांव चुकून सहकाऱ्याच्या नांवें पडली आहे. १९९९ सालीं अधिकृत आंकडा १९१ झाला. विल्सन १९४८ सालींच वारला होता. घनपाठी वैदिक ज्याप्रमाणें एक मात्रा इकडची तिकडे होऊं देत नाहीं, त्याप्रमाणें एका धांवेसाठीं जुनीं दप्तरें उलगडणारे हे लोक. यांची थट्टा करणें सोपें आहे. परंतु मृताचें एका धांवेचें देणेंहि फेडलें पाहिजे, ही बुद्धि आम्हांस थोर वाटते.

आणि आतां आठवा. ज्यांनीं टाय कॉब असें लिहिलें असेल, त्यांनीं जुनें पुस्तक नीट वाचलें आहे. ०.३६७ ही त्याची सरासरी कित्येक पिढ्यांनीं मुखोद्गत केली. परंतु मे २०२४ पासून अधिकृत उत्तर जॉश गिब्सन, सरासरी ०.३७२. गिब्सननें हा पराक्रम २०२४ सालीं केला नाहीं. त्यास वारून तेव्हां ७७ वर्षें झालीं होतीं. मग उत्तर कां बदललें?

गिब्सन कृष्णवर्णी होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत तेथील मोठ्या लीगांत कृष्णवर्णी खेळाडूस प्रवेश नव्हता. कायद्याच्या पुस्तकांत अशी बंदी नव्हती. मालकांची आपसांतील समजूत होती, आणि अशी समजूत कायद्याहून कठोर असते. म्हणून त्या लोकांनीं आपल्या स्वतंत्र लीग काढल्या. त्यांत गिब्सन होमस्टेड ग्रेज या संघाकडून कॅचर म्हणून खेळला. १९४३ च्या हंगामांत त्याची सरासरी ०.४६६ होती, आमचे 'दोन जुन्या लीगांत' हे शब्द याचसाठीं. २० जानेवारी १९४७ रोजीं अवघ्या ३५ व्या वर्षीं तो वारला. त्याच वर्षीं १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानांत उतरला व बंद दार उघडलें. तीन महिनेहि पुरते झाले नव्हते.

१९२० ते १९४८ मधील सात कृष्णवर्णी लीगांस मोठ्या लीगांचा दर्जा असल्याचें डिसेंबर २०२० मध्यें मान्य झालें, आणि संशोधकांनीं जमविलेले त्यांचे आंकडे २०२४ सालीं मुख्य पुस्तकांत मिळविले गेले. दोन हजारांहून अधिक खेळाडूंचीं नांवें त्यामुळें त्यांत आलीं. त्या लीगांचे हंगाम लहान असत, कित्येक सामन्यांच्या नोंदी सांपडत नाहींत, तेव्हां ही तुलना समतोल नव्हे, असा आक्षेप कांहीं जाणते घेतात. आक्षेपांत तथ्य आहे. परंतु हंगाम लहान कां होते आणि नोंदी कां हरवल्या, हेंहि त्याच श्वासांत सांगितलें पाहिजे. ज्यानें दार लावलें, त्यानेंच 'हा आंत कां आला नाहीं' म्हणून गुण कापणें हा न्याय नव्हे.

आणि यावरून अमेरिकेस नांवें ठेवण्यापूर्वीं आपलीहि वही उघडावी. पुण्याच्या मैदानावर राबून गोलंदाज झालेले पाळवणकर बाळू हे १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेऊन आले. त्याच बाळूंना त्यांच्या जातीमुळें खेळाच्या मधल्या सुट्टींत इतरांपासून दूर, वेगळ्या भांड्यांत चहा मिळत असे, आणि हिंदूंच्या संघाचें कर्णधारपद त्यांस कधींहि लाभलें नाहीं. तें पुढें १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें. बळी मोजणारे पुष्कळ होते. तो पेला मोजणारे थोडे.

म्हणून आठव्या प्रश्नाचे गुण असे द्यावे. नुसतें 'गिब्सन' लिहिणारास अर्धा. 'कॉब' लिहून, २०२४ पूर्वीं तोच पहिला कां होता हें सांगणारास दीड. दोन्ही नांवें आणि दोन्ही कारणें देणारास पुरे दोन. पाठांतरानें उत्तर येतें. उत्तर कसें ठरलें, कोणीं ठरविलें आणि मोजणींतून कोण सुटलें, हें विचारलें म्हणजे विद्या येते. सोळांपैकीं बारा गुण मिळविणारास आम्ही उत्तीर्ण समजतों. आठांहून कमी मिळविणारानें परदेशच्या नातवास पत्र लिहून शिकवणी घ्यावी. गुरु वयानें लहान असला म्हणून बिघडत नाहीं.

पुढील अंकासाठीं एकच प्रश्न देतों. १९५१ सालीं एक खेळाडू पाठीवर १/८ हा अपूर्णांक लावून सेंट लुइसच्या संघाकडून फलंदाजीस उतरला. तो कोण, आणि त्यास कां उतरविलें? उत्तर कारणासह पाठवावें. नुसत्या नांवास अर्धाच गुण मिळेल.