वेगाला दाण हवी

आमच्या भागात शंकरपट भरला की शेत मोकळे करून बैलजोड्यांसाठी सरळ पट्टी आखतात. तिला दाण म्हणतात. दाणीच्या दोन्ही अंगांना माणसे दाटलेली, घड्याळवाला शेवटच्या रेषेवर डोळे लावून बसलेला, आणि धुरकरी जोडी सोडतो. काही सेकंदांचाच खेळ. पण निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो! या वेडाला आमच्याकडे कोणी हसत नाही. मीही हसत नाही.

हे आठवायचे कारण गेल्या दिवाळीतला एक प्रवास. एका मित्राने आपली डिझेल मोटार ‘ट्यून’ करून आणली होती. स्टिअरिंगखाली लॅपटॉपची वायर जोडायची, इंजिनाच्या संगणकातले इंधनाचे आणि टर्बोच्या दाबाचे आकडे बदलायचे, की तीच गाडी निराळीच होऊन बसते. मेहकरजवळ आम्ही रात्री समृद्धी महामार्गावर चढलो. काटा १७० ला टेकला. खोटे कशाला बोलू? मला भीती वाटली नाही. फार छान वाटले. वेगाच्या नावाने निबंधात बोटे मोडणे सोपे असते, आत बसलेल्याला ते सुचत नाही.

भीती वाटली ती घरी आल्यावर, कागद-पेन्सिल घेतल्यावर. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्या रस्त्यावर मोटारींना मर्यादा आहे ताशी १२० किलोमीटरची. १७० म्हणजे वेग दीडपटही झाला नाही, पण ऊर्जा दुप्पट झाली! वर्गाचा हा हिशेब डोळ्यांनी पाहायचा तर आपले लोणार आहेच. आकाशातून आलेल्या एका दगडाने वेगाच्या बळावर बेसॉल्टच्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पाडले, आणि तो दगड विवराच्या मानाने अगदीच लहान होता.

मित्राने इंजिनाची ताकद वाढवली. ब्रेक मात्र कंपनीने दिले तेच राहिले. टायरच्या कडेला एक अक्षर असते. ‘टी’ असेल तर १९० पर्यंत, ‘एच’ असेल तर २१० पर्यंत. तेही टायर धड आणि हवा बरोबर असेल तर. आपल्या टायरवर कोणते अक्षर आहे हे त्याला ठाऊक नव्हते. असे काही अक्षर असते हे मला तरी कुठे ठाऊक होते!

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर, सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली आणि २५ माणसे गेली. तो अपघात वेगाने झाला असे मी म्हणत नाही; ट्यून केलेल्या गाड्यांशी तर त्याचा काहीच संबंध नव्हता. पण रात्री त्या रस्त्यावरून झोपलेली माणसे जात असतात, हे आपल्या जिल्ह्यात आता कोणाला सांगावे लागू नये. आम्ही त्या रात्री अशा दोन बस मागे टाकल्या.

बैलांचे हाल होतात म्हणून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा न्यायालयाने वैध ठरवला. म्हणजे बैलाच्या वेगासाठी वाद झाला, अटी ठरल्या, दाण मिळाली. मोटारीच्या वेगाला मात्र नुसती मनाई. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण मग या पोरांनी जावे कुठे? इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरची वेगाची पट्टी २०२१ मध्ये खुली झाली, ती मुख्यतः गाड्यांच्या चाचण्यांसाठी. लोणावळ्याकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या; मेहकरच्या पोराला ते अंतर आणि तो खर्च दोन्ही झेपण्यासारखे नाहीत. विदर्भात विमान न उतरणारी एखादी धावपट्टी महिन्यातून एक रविवार देता येणार नाही काय? रुग्णवाहिका उभी ठेवावी, आधी ब्रेक-टायर तपासावेत, दोरीच्या आत कोणी येऊ नये. पटाला हे सारे जमते.

मित्राला हे बोललो तर तो म्हणाला, “तू पट भरव, पहिली पावती मी फाडतो.” गाडीतले आकडे त्याने अजून पूर्ववत केलेले नाहीत. मी मात्र त्याच्याबरोबर समृद्धीवर पुन्हा गेलेलो नाही.