माशाच्या जबड्याची कैफियत

दिवाणखान्यात काचेची पेटी मांडून तीत रंगीत मासे सोडण्याची हौस आता मध्यमवर्गात चांगलीच रुजली आहे. परंतु त्यांतील एखाद्याचा ओठ फाटला, जबडा वाकला किंवा तोंड मिटेनासे झाले, म्हणजे मालकाची धावपळ बहुधा दुकानातल्या निळ्या-पिवळ्या औषधाच्या बाटलीपाशीच संपते, आणि इजा मुळात झाली कशी याची चौकशी करण्याची तसदी कोणी घेत नाही.

ती केली, तर आरोप बहुतेक वेळा मालकावरच शाबीत होईल. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांसारखे मासे हद्दीच्या वादात एकमेकांचा जबडा जबड्यात धरून झुंजतात. मोकळ्या पाण्यात हरलेल्याला पळायला वाट असते, पेटीत ती नसते. घराच्या भरभराटीसाठी म्हणून मोठी किंमत मोजून आणलेला अरोवाना दचकून उसळतो आणि झाकणावर आदळतो. गोल्डफिश तळाची खडी चघळतो आणि मापाचा खडा त्याच्या तोंडात रुतून बसतो.

माशाचे तोंड केवळ अन्न घेण्यासाठी नसते. त्याच्या उघडझापीनेच कल्ल्यांवरून पाणी खेळते, आणि म्हणून जबडा निकामी झाला की उपासमारीबरोबर श्वासाचीही कुचंबणा होते. माशाला वेदना नसते, ही सोयीची समजूतही आता टिकण्याजोगी नाही: जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचले, तेव्हा त्या माशांनी कित्येक तास अन्न वर्ज्य केले आणि ते ओठ खडीवर घासू लागले, असे त्यांनी 2003 साली प्रसिद्ध केले.

उपचार म्हणावे तर साधे आहेत. जखमी मासा वेगळा ठेवावा, पाणी थोडे थोडे रोज बदलावे, अन्न मऊ व बारीक द्यावे. किरकोळ जखम स्वच्छ पाण्यात पुष्कळदा आपोआप भरून येते. ओठांवर कापसासारखा पांढरा थर दिसला की लोक बुरशीचे औषध ओततात, पण तो थर अनेकदा जिवाणूंचा असतो. आणि पाणी तापवण्याचा लोकप्रिय तोडगा तर या रोगाला उलट जोर देतो. (मासा वाचला नाही, की दोष अर्थातच त्याच्या नशिबाला!) निखळलेला जबडा बसवणे किंवा रुतलेला खडा काढणे हे हौशी हातांचे काम नव्हे, त्यासाठी मासे जाणणारा पशुवैद्यच गाठावा.

1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात मनुष्येतर प्रत्येक सजीव हा 'प्राणी' ठरतो, मग मासा त्यातून वगळला जाण्याचे कारण नाही. बोटभर लांबीचा म्हणून विकला जाणारा ऑस्कर पुढे फूटभर वाढतो, ही गोष्ट विक्रेत्याला ठाऊक असते आणि गिऱ्हाइकाला नसते. तेव्हा प्रत्येक माशाची पूर्ण वाढीची लांबी व त्याला लागणारी जागा पावतीवर लिहून देण्याची सक्ती सरकारने विक्रेत्यांवर करावी, आणि तसा हुकूम निघेपर्यंत ग्राहकांनी ती माहिती मागितल्याशिवाय पैसे मोजू नयेत.