पोतें हें माप नव्हे

खताचा विषय निघाला कीं आमच्याकडे प्रश्न ठरलेला असतो: एकरीं किती पोतीं टाकावीं? उत्तरही ठरलेलें असतें. कोणी दोन सांगतो, कोणी तीन. आमचे मतें हा प्रश्नच चुकीचा आहे. पिकास पोतें लागत नाहीं. त्यास नत्र, स्फुरद व पालाश हीं अन्नद्रव्यें लागतात, आणि तीं पोत्यांत किती आहेत हें पोत्याच्या आकारावरून कळत नाहीं.

युरियाचेंच पाहावें. साध्या युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. पूर्वीं पोतें ५० किलोंचें असे, तेव्हां दोन पोत्यांतून ४६ किलो नत्र शेतांत जाई. सन २०१८ पासून पोतें ४५ किलोंचें झालें. त्याच दोन पोत्यांतून आतां ४१ किलो ४०० ग्रॅम नत्र जातें. अलीकडे गंधकाचा लेप दिलेला युरिया निघाला आहे. त्यांत नत्र शेंकडा ३७ असून पोतें ४० किलोंचें. तेथें दोन पोत्यांचें नत्र २९ किलो ६०० ग्रॅमच भरतें. टाकणारा मात्र तिन्ही वेळां "दोन पोतीं टाकलीं" असेंच सांगणार!

यावर कोणी म्हणतील कीं, शेतकऱ्यास असलें गणित जमावयाचें नाहीं. हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. दूध घालणारा शेतकरी केवळ लिटर मोजून स्वस्थ बसत नाहीं; फॅट किती लागली हें तो रोज चिठ्ठीवर पाहतो व कमी लागली तर डेअरीवाल्याशीं भांडतो. विकतांना जी दृष्टि तो ठेवितो, तीच विकत घेतांना ठेवावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

बागायती गव्हास हेक्टरीं १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावें, अशी शिफारस आहे. एकरास हें प्रमाण अनुक्रमें ४८, २४ व १६ किलो होतें. प्रथम स्फुरदाचा हिशेब करावा. डीएपींत स्फुरद शेंकडा ४६ असतें, म्हणून २४ किलोंसाठीं ५२ किलो डीएपी लागेल. परंतु त्याच डीएपींत शेंकडा १८ नत्रही आहे. म्हणजे सुमारें ९ किलो ४०० ग्रॅम नत्र त्याबरोबर आपोआप आलें. तें ४८ मधून वजा केल्यावर उरलेल्या नत्रास ८४ किलो युरिया पुरतो. ही वजाबाकी पुष्कळजण विसरतात व १०४ किलो टाकतात. वरचे २० किलो फुकट जातातच, शिवाय गहूं माजतो, लोळतो, त्यावर मावा पडतो, आणि उरलेलें नत्र पाण्याबरोबर झिरपून विहिरीकडे जातें. पालाशाकरितां शेंकडा ६० चें म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो. डीएपी, पोटॅश व ३२ किलो युरिया पेरणीचे वेळीं, आणि बाकीचा ५२ किलो युरिया पेरणीनंतर तीन आठवड्यांनीं पहिल्या पाण्याचे वेळीं द्यावा. माती तपासून घेतली असेल तर हे आंकडे तिच्या पत्रिकेप्रमाणें कमी-अधिक करावे. आमच्या काळ्या जमिनींत पालाश बहुधा मुबलक व नत्र कमी निघतें.

शिफारस करणाऱ्यांविषयींही दोन शब्द लिहिणें भाग आहे. शिफारस हेक्टरांत, जमीन एकर-गुंठ्यांत, आणि खत पोत्यांत! या तीन भाषांमध्यें शेतकऱ्यानें हेलपाटे घालावे, हें बरें नव्हे. सुदैवानें एक सोपी वाट आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. असे जवळजवळ ९९ गुंठे एका हेक्टरांत बसतात. म्हणून हेक्टरी आंकड्यास १०० नीं भागिलें कीं गुंठ्याचा आंकडा निघतो. गव्हाचें १२० किलो नत्र म्हणजे गुंठ्यास सव्वा किलोहून थोडें कमी. फरक पडतो तो शेंकडा एकाच्या आसपास. हातानें फेकण्यांत याहून कितीतरी अधिक पडतो.

ज्यांच्या दाराशीं हिरवळीचा तुकडा आहे अशा वाचकांसही हाच हिशेब लागू आहे. हिरवळीस एका खेपेस चौरस मीटरास ५ ग्रॅमांहून अधिक नत्र नको, म्हणजे गुंठ्यास १ किलो १०० ग्रॅम युरिया झाला. अंदाजानें मुठी उधळणारांच्या अंगणांत गवत करपून चट्टे कां पडतात, हें निराळें सांगावयास नको.

आमची सूचना अशी कीं, सहकारी संस्थांच्या खतविक्रीच्या दुकानांत बिलावर पोत्यांच्या संख्येशेजारीं नत्र, स्फुरद व पालाश यांचे किलो लिहून द्यावे. यास तीन रकाने पुरतात. संस्थेचा कारकून हें काम पांच मिनिटांत शिकेल, आणि तो शिकेपर्यंत शेतकऱ्यानें घरचा एक डबा युरियानें भरून, तोलून, त्यावर किलोची खूण करून ठेवावी. खत बदललें कीं डबा पुन्हां तोलावा. डीएपीचे दाणे जड असतात, युरियाची खूण त्यांस चालणार नाहीं.